रेल्वे स्थानकावरील वाहनतळ पास

रेल्वे स्थानकावरील वाहनतळ पास म्हणजे स्थानकाच्या आवारातील सशुल्क वाहनतळावर ठरावीक मुदतीत, बहुधा महिनाभर, वाहन उभे करण्यासाठी आगाऊ शुल्क भरून मिळवलेली परवानगी होय. नोकरी, शिक्षण किंवा व्यवसायासाठी रेल्वेने नियमित ये-जा करणारे प्रवासी हा पास घेतात. घरापासून स्थानकापर्यंत दुचाकीने येणे, ती दिवसभर वाहनतळावर ठेवणे, गाडीने कामाच्या गावी जाणे आणि संध्याकाळी त्याच क्रमाने उलट परतणे, अशी या प्रवासाची रचना असते. बोलीभाषेत अशा प्रवासाला ‘अप-डाऊन’ आणि वाहनतळाला ‘स्टँड’ म्हणतात.

हा पास रेल्वेच्या मासिक तिकिटापेक्षा (सीझन तिकीट) वेगळा असतो. त्यावर गाडीत बसता येत नाही. तसेच बहुतेक ठिकाणी त्याने विशिष्ट जागा राखून ठेवली जात नाही आणि वाहनाचा विमाही उतरवला जात नाही. पास नेमके काय देतो आणि काय देत नाही, हे जागेची मालकी, कंत्राटाच्या अटी आणि वाहनाचा ताबा कोणाकडे आहे या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांत स्थानकाबाहेरील वाहनतळाची सुरुवात सायकल स्टँडच्या रूपाने झाली. स्टँडवाला क्रमांक असलेला पत्र्याचा बिल्ला सायकलच्या मुठीला अडकवी आणि त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला मालकाच्या हाती देई. परतल्यावर बिल्ला दाखवून सायकल सोडवून घ्यावी लागे. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या हिशेबाने सवलतीचा दर मिळे. आजच्या मासिक पासाचे मूळ या व्यवहारात आहे. सायकलींची जागा पुढे स्कूटर व मोटारसायकलींनी घेतली, तरी अनेक गावांत ‘सायकल स्टँड’ हे नाव टिकून आहे.

जुन्या व्यवहारातील एक वैशिष्ट्य मात्र बदलत गेले. बिल्ल्याच्या पद्धतीत सायकल सांभाळण्याची जबाबदारी स्टँडवाल्याची आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरत. आताच्या पावत्यांवर पुष्कळदा ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. ग्राहकाला सांभाळणुकीची सेवा मिळते की केवळ जागेचा वापर, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

सोलापूर स्थानक आणि दैनंदिन प्रवासी

सोलापूर स्थानक मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये येथवर पोहोचला. मध्य रेल्वेच्या पाच विभागांपैकी एका विभागाचे मुख्यालय सोलापुरात आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे स्थानक सुमारे ४५५ किलोमीटरवर आहे.

सोलापूरला मुंबईसारखी उपनगरी लोकलसेवा नाही. येथील दैनंदिन प्रवासी पॅसेंजर आणि काही एक्सप्रेस गाड्यांवर अवलंबून असतात. रेल्वेचे सीझन तिकीट साधारणपणे १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळते. त्यामुळे सोलापूरहून सुमारे ७९ किलोमीटरवरील कुर्डुवाडी किंवा सुमारे ११३ किलोमीटरवरील कलबुर्गी हे प्रवास त्या मर्यादेत बसतात. दौंड (सुमारे १८७ किलोमीटर) आणि पुणे (सुमारे २६३ किलोमीटर) त्या मर्यादेबाहेर पडतात. मोहोळ, माढा, अक्कलकोट रोड, दुधनी ही मधली स्थानकेही रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. या प्रवासाची दिशा दुहेरी असते: शहरातील शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका बाहेरगावी जातात, तर तालुक्याच्या ठिकाणचे विद्यार्थी व कामगार सोलापुरात येतात. म्हणून वाहनतळाची गरज सोलापूर स्थानकाइतकीच कुर्डुवाडी, मोहोळ यांसारख्या स्थानकांवरही असते.

गाड्यांच्या वेळा वाहनतळाच्या वापरावर थेट परिणाम करतात. लोकलसेवा असलेल्या शहरात गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. सोलापूरसारख्या ठिकाणी सकाळची गाडी चुकणे म्हणजे पुष्कळदा कामाचा दिवस बुडणे असते. एकाच गाडीसाठी अनेक प्रवासी थोड्या वेळात वाहनतळावर येतात आणि संध्याकाळी एकाच वेळी वाहने काढतात. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याची दुचाकी बारा तासांहून अधिक काळ उभी राहते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री मुंबईला जाऊन दुसऱ्या रात्री परतीची गाडी धरणाऱ्याचे वाहन दोन रात्री वाहनतळावर असते. बारा तासांच्या टप्प्यावर बेतलेला दर अशा प्रवाशांना अपुरा ठरतो.

जागेची मालकी आणि कंत्राट पद्धती

स्थानकासमोरील आवार सामान्यतः रेल्वेच्या मालकीचे असते. त्याच्या हद्दीबाहेरचा रस्ता महानगरपालिका, नगरपरिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. एकाच चौकात काही पावलांच्या अंतरावर दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे नियम लागू होतात, ते यामुळे.

रेल्वे बहुधा वाहनतळ स्वतः चालवत नाही. विभागाचा वाणिज्य विभाग ठरावीक जागा ठरावीक मुदतीसाठी कंत्राटदाराला परवाना शुल्क घेऊन देतो. कंत्राटदार प्रवाशांकडून मंजूर दराने पैसे घेतो, नोकर नेमतो आणि उरलेली रक्कम त्याचे उत्पन्न असते. रेल्वेच्या हिशेबात हे उत्पन्न ‘भाड्याव्यतिरिक्त महसूल’ या सदरात मोडते. जाहिरातफलक, सशुल्क स्वच्छतागृहे यांची कंत्राटेही याच सदरातील आहेत.

पूर्वी अशी कंत्राटे निविदा मागवून दिली जात. जून २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाने या प्रकारच्या कंत्राटांसाठी ई-लिलावाचे धोरण सुरू केले. भारतीय रेल्वेच्या ‘आयआरईपीएस’ या संकेतस्थळावर एकदा नोंदणी केलेला बोलीदार देशातील कोणत्याही विभागाच्या लिलावात भाग घेऊ शकतो. वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंतच्या कंत्राटांसाठी आर्थिक उलाढालीची अट ठेवलेली नाही. त्यामुळे लहान व्यावसायिकांनाही बोली लावता येते.

या पद्धतीत बोली लावली जाते ती रेल्वेला द्यावयाच्या रकमेवर. सर्वाधिक रक्कम देणाऱ्याला कंत्राट मिळते. प्रवाशाकडून घ्यावयाचे दर रेल्वेने ठरवलेले असल्याने वाढीव बोलीची भरपाई दरवाढीने करता येत नाही. ती अधिक वाहने दाटीने लावून, नोकर कमी ठेवून किंवा नियमबाह्य जादा वसुली करून केली जाण्याचा धोका असतो. दरफलक, छापील पावती आणि तक्रारीची सोय यांना म्हणूनच महत्त्व आहे.

पासाचे स्वरूप

मासिक पास सामान्यतः वाहनतळावरील खिडकीवर मिळतो. त्यावर वाहन क्रमांक, वाहनाचा प्रकार, मुदत आणि भरलेली रक्कम यांची नोंद असते. काही ठिकाणी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागतात. पासाच्या नेहमी आढळणाऱ्या अटी पुढीलप्रमाणे असतात:

• पास एका वाहनापुरता असतो. तो दुसऱ्या वाहनासाठी वापरता येत नाही.
• मुदत संपल्यावर दैनंदिन दर लागू होतो.
• रात्रभर किंवा सलग अनेक दिवस वाहन ठेवल्यास वेगळा आकार पडू शकतो.
• हेल्मेट सांभाळण्यासाठी काही वाहनतळांवर स्वतंत्र शुल्क असते.
• न वापरलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

या अटी सर्वत्र सारख्या नसतात. त्या त्या कंत्राटातील तरतुदींनुसार त्या बदलतात.

कंत्राटाची मुदत हीदेखील पासधारकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. पास जुन्या कंत्राटदाराने दिलेला असतो आणि महिन्याच्या मध्यावर नवा कंत्राटदार आला, तर उरलेल्या दिवसांबाबत वाद उद्भवू शकतो. पासावर कंत्राटदाराचे नाव आणि मुदत स्पष्ट असणे अशा वेळी उपयोगी पडते.

कायद्याच्या भाषेत असा पास ‘अनुज्ञप्ती’ म्हणजे परवाना या स्वरूपाचा असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करण्याची जी परवानगी त्या जागेत कोणताही हितसंबंध निर्माण करत नाही, ती अनुज्ञप्ती होय. पासधारक त्या जागेचा भाडेकरू ठरत नाही.

दर आणि हिशेब

दैनंदिन दर तासांच्या टप्प्यांवर आधारलेले असतात. सायकल, दुचाकी आणि चारचाकी यांचे दर वेगवेगळे असतात. स्थानकाची वर्दळ आणि जागेची उपलब्धता यांनुसार स्थानकागणिकही दर बदलतात. वाहनतळाच्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागू होतो. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५३ व्या बैठकीत फलाट तिकीट, विश्रामकक्ष, प्रतीक्षालय, सामानघर आणि बॅटरीवरील वाहने या रेल्वेच्या सेवांना करातून सूट देण्याची शिफारस झाली. त्या यादीत वाहनतळाचा समावेश नव्हता. फलकावरील दर करासह आहे की कराशिवाय, हे त्यामुळे पाहावे लागते.

पास फायद्याचा आहे की नाही, हे महिन्यातील प्रवासाच्या दिवसांवर ठरते. उदाहरणार्थ, दिवसाचा दर २० रुपये आणि मासिक पास ४०० रुपयांचा आहे असे मानल्यास पासाची किंमत वसूल होण्यासाठी २० दिवस वाहन ठेवावे लागेल. सहा दिवसांचा आठवडा असलेल्या खासगी कर्मचाऱ्याचे महिन्यात साधारण २५ दिवस भरतात. त्याचे ५ दिवसांचे, म्हणजे १०० रुपये वाचतील. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेथील कर्मचाऱ्याचे महिन्यात २१ किंवा २२ दिवस भरतात. सण व रजा वजा केल्यास त्याचा फायदा जवळजवळ उरत नाही. शिक्षकाला दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत पास घेणे तोट्याचे ठरेल.

असे असले तरी पासाचा लाभ केवळ पैशात मोजता येत नाही. गाडीच्या वेळेला सुट्या पैशांसाठी किंवा पावतीसाठी रांगेत थांबावे लागत नाही, ही सोय नियमित प्रवाशाला मोलाची वाटते.

जागेच्या हमीचा प्रश्न

पासधारकाला जागा मिळेलच, अशी हमी बहुतेक पासांत नसते. सर्व पासधारक एकाच दिवशी येत नाहीत, या गृहीतकावर उपलब्ध जागेपेक्षा अधिक पास दिले जाऊ शकतात. एरवी हे गणित जुळते. सोमवारी सकाळी किंवा सणाच्या गर्दीत ते कोलमडते. आषाढी व कार्तिकी एकादशीला पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांची आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेसाठी सोलापुरात येणाऱ्या भाविकांची गर्दी अशा प्रसंगी स्थानकांवरील ताण वाढवते.

यावर तीन प्रकारचे उपाय आढळतात. पहिला, दिल्या जाणाऱ्या पासांच्या संख्येवर मर्यादा घालणे. दुसरा, पासधारकांसाठी वेगळा भाग राखणे. तिसरा, जागेची आखणी बदलणे. एका चारचाकीला लागणाऱ्या जागेत चार किंवा त्याहून अधिक दुचाकी मावतात. म्हणून दैनंदिन प्रवासी प्रामुख्याने दुचाकीस्वार असलेल्या स्थानकांवर चारचाकीची जागा किती ठेवावी, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. प्रवेशद्वाराजवळील काही जागा दिव्यांग प्रवाशांच्या वाहनांसाठी राखून ठेवणेही आवश्यक असते.

स्थानकांच्या पुनर्विकासात आवाराची फेरमांडणी होते. अमृत भारत स्थानक योजनेत सोलापूर स्थानकाचा समावेश असून स्थानकांबाहेरील आवार व वाहनांची ये-जा सुधारणे हा त्या योजनेतील कामांचा एक भाग आहे.

वाहन हरवल्यास जबाबदारी

पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले म्हणून कंत्राटदार प्रत्येक प्रसंगी जबाबदारीतून मुक्त होतो, असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये ‘निक्षेप’ ही संकल्पना आहे. एखादी वस्तू ठरावीक हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे, असा तिचा अर्थ आहे. कलम १५१ नुसार वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणे अपेक्षित आहे.

ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. हॉटेलच्या नोकराकडे किल्ली देऊन उभी करण्यास दिलेली मोटार चोरीला गेली होती. वाहनाचा ताबा हॉटेलकडे गेला असल्याने केवळ ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या छापील अटीच्या आधारे हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

हा निर्णय स्थानकावरील वाहनतळाला जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही. तेथे प्रवासी बहुधा स्वतः दुचाकी लावतो, कुलूप घालतो आणि किल्ली सोबत नेतो. अशा वेळी ताबा खरोखर हस्तांतरित झाला का, हा वादाचा मुद्दा होतो. वाहने सरकवता यावीत म्हणून नोकर दुचाकीचे हँडल लॉक करू नये असे सांगतात, किंवा बाहेर पडताना पावती तपासूनच वाहन सोडतात, तेव्हा नियंत्रण वाहनतळाकडे असल्याचा युक्तिवाद बळकट होतो. पावती किंवा पास जपून ठेवणे यासाठी आवश्यक असते. कारण वाहन त्या दिवशी तेथे होते, हे सिद्ध करण्याचा तोच पहिला पुरावा असतो.

चोरीची फिर्याद रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलिसांकडे, तर हद्दीबाहेर शहर पोलिसांकडे तपासासाठी जाते. हद्दीचा वाद असला तरी फिर्याद नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्याला देता येते. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. जादा आकारणी किंवा गैरवर्तनाची तक्रार रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर, ‘रेल मदद’ या सेवेवर अथवा स्थानक व्यवस्थापकांकडे नोंदवता येते.

वाहनतळाबाहेर उभी केलेली वाहने

जागा न मिळाल्यास किंवा पैसे वाचवण्यासाठी अनेक जण रस्त्याच्या कडेला वाहन लावतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. दहा तासांची ही मर्यादा दैनंदिन रेल्वे प्रवाशाला नेमकी अडचणीची ठरते, कारण त्याचा कामाचा दिवस आणि प्रवास मिळून साधारण तेवढाच वेळ जातो. रेल्वेच्या आवारात वाहनचालकाने रेल्वे कर्मचारी किंवा पोलीस यांच्या वाजवी सूचना न पाळल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १५९ लागू होते. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि प्रवासी रिक्षा यांचा मार्ग मोकळा राहावा, हा या तरतुदींमागील व्यवहार्य हेतू आहे.

इतर ठिकाणच्या पद्धती

जागेचा मालक बदलला की पासाचे स्वरूपही बदलते, हे इतर ठिकाणच्या व्यवस्थांवरून दिसते. नवी मुंबईत मानखुर्द–बेलापूर–पनवेल लोहमार्गाच्या उभारणीत सिडकोने खर्चाचा मोठा वाटा उचलला आणि स्थानकसंकुले बांधली. त्यामुळे तेथील वाहनतळांच्या व्यवस्थेत रेल्वेबरोबर सिडकोचाही संबंध येतो. दिल्ली मेट्रोच्या अनेक स्थानकांवर मासिक पासाची सोय आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आसपासच्या अनेक उपनगरांत स्थानकालगतचे वाहनतळ तेथील नगर प्रशासनाच्या ताब्यात आहेत. परवाने देताना गावातील रहिवाशांना प्राधान्य मिळते. कनेक्टिकट राज्यातील काही गावांत कोरोनापूर्व काळात या परवान्यासाठी कित्येक वर्षांची प्रतीक्षायादी असे. तेथे प्रश्न दराचा नसून पात्रतेचा होता.

जपानमध्ये स्थानकांसमोर बेशिस्तपणे लावलेल्या सायकलींची समस्या गंभीर झाल्यावर १९८० मध्ये सायकलींविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. स्थानकांजवळील सायकलतळांवर मासिक शुल्काची पद्धत तेथे सर्रास आढळते. नेदरलँड्समधील उट्रेख्त स्थानकाचा १२,५०० सायकलींचा वाहनतळ २०१९ मध्ये पूर्ण क्षमतेने खुला झाला. तेथे पहिले २४ तास विनामूल्य असतात. स्थानकापर्यंत मोटारीऐवजी सायकलने यावे, यासाठी ही सवलत आहे.

धोरणात्मक चर्चा

वाहनतळाचे शुल्क किती असावे, यावर दोन भूमिका मांडल्या जातात. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानुसार वाहनतळाच्या शुल्कात जागेचे खरे मूल्य उमटले पाहिजे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ (२००५) या ग्रंथात विनामूल्य वाहनतळाचा खर्च अखेर वाहन नसलेल्यांवरही पडतो, हे दाखवले.

दुसरी भूमिका अशी की स्थानकावरील वाहनतळ बाजारपेठेतील वाहनतळापेक्षा वेगळा आहे. येथे वाहन ठेवणारा पुढील लांबचा प्रवास सार्वजनिक वाहनाने करतो. शुल्क जड झाले तर तो दुचाकीनेच महामार्गावरून कामाच्या गावी जाईल. त्यात अपघाताचा धोका आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. सायकल व दुचाकीचा मासिक पास स्वस्त ठेवावा, चारचाकीचा दर जागेच्या प्रमाणात घ्यावा, हा या दोन्ही भूमिकांना जोडणारा मार्ग मानला जातो.

शहर बससेवा अपुरी असलेल्या मध्यम आकाराच्या शहरांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पहाटेच्या गाडीसाठी निघणाऱ्याला बस मिळत नाही आणि रोजची रिक्षा परवडत नाही. अशा प्रवाशाच्या दृष्टीने वाहनतळाचा पास हा रेल्वेच्या मासिक तिकिटाइतकाच प्रवासखर्चाचा अनिवार्य भाग असतो.

हे सुद्धा पहा

• सोलापूर रेल्वे स्थानक
• मध्य रेल्वे
• हुतात्मा एक्सप्रेस
• सिद्धेश्वर एक्सप्रेस
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९